मटिल्डा: एका जुन्या जर्मॅनिक नावाचा अर्थ आणि कथा-कादंबऱ्यांतला वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मुख्यतः तीन प्रकारच्या लोकांकडून येतात: युरोपीय कथा मराठीत आणणारे, स्वतःच्या कथेला युरोपातली पार्श्वभूमी देणारे, आणि वाचताना नावापाशी अडखळलेले. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मटिल्डा या नावाचा अर्थ काय?

प्राचीन उच्च जर्मन भाषेतले दोन शब्द जोडून हे नाव बनलं. पहिला ‘माख्ट’, म्हणजे बळ, सामर्थ्य. आजच्या जर्मनमध्ये तो जवळपास तसाच आहे आणि इंग्रजीतला ‘माइट’ त्याचाच भाऊ. दुसरा ‘हिल्ट’ किंवा ‘हिल्ड’, म्हणजे लढाई. हा शब्द बोलीतून केव्हाच गेला, फक्त नावांत उरला: ब्रुन्हिल्ड, क्रीमहिल्ड, हिल्डेगार्ड. तेव्हा मटिल्डा म्हणजे ‘बळ’ आणि ‘लढाई’. या दोहोंमध्ये ‘आणि’ का लिहिलं, ते पुढच्या उत्तरात.

२. नावांच्या याद्यांमध्ये ‘युद्धात पराक्रमी’ असं देतात. ते चूक आहे का?

चूक नाही, पण सोयीसाठी ओढूनताणून केलेलं आहे. रणजित म्हटलं की ‘रण जिंकलेला’ असा विग्रह करता येतो. जर्मॅनिक नावांचा तसा विग्रह होईलच असं नाही. एका ठरावीक साठ्यातून दोन शब्द उचलायचे आणि जोडायचे, आणि त्यातला निदान एक आईबापांच्या किंवा आजोबांच्या नावातला असावा, अशी ती रीत होती. जुन्या जर्मन ‘हिल्डेब्रांड’ काव्यात आजोबा हेरिब्रांड, मुलगा हिल्डेब्रांड, नातू हाडुब्रांड. तिघांच्या नावांचं शेपूट एक, सुरुवातीचा ‘ह’ही एक. गुन्हिल्ड या नावाचे तर दोन्ही तुकडे ‘लढाई’ याच अर्थाचे. ‘लढाई-लढाई’ म्हणजे काय, असं तिच्या आईला कुणी विचारलं नसेल.

आपल्याकडे प्रभाकर, दिवाकर यांच्या पाठीवर तिसरा झाला की त्याचं नाव मधुकर ठेवतात. त्या वेळी घरात कुणाच्या डोक्यात भुंगा नसतो, यमक असतं. जर्मॅनिक नावांचंही बरंचसं असंच.

‘हिल्ड’ शेवटी आलं की नाव बाईचं, कारण तो शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी. लढाईशी संबंध असल्यामुळे नाव पुरुषी वाटायला हवं, हा तर्क तिथे लागू नाही.

३. ‘माख्ट’ आणि संस्कृत ‘महत्’ एकच ना?

दिसतात तसे, पण नाहीत. ‘महत्’चे नातेवाईक ग्रीक ‘मेगास’ आणि लॅटिन ‘माग्नुस’, अर्थ ‘मोठा’. ‘माख्ट’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ‘शकणे’. इंग्रजी ‘मे’ आणि जर्मन ‘म्योगेन’ ही क्रियापदं त्याच कुळातली. मराठी प्रस्तावनांमध्ये ‘महती असलेली ती मटिल्डा’ अशी जोडणी अधूनमधून दिसते. ती काढून टाकावी.

४. देवनागरीत नेमकं कसं लिहायचं? मटिल्डा, मॅथिल्डा, मातिल्द, माथिल्डे, सगळीच रूपं दिसतात.

पात्र कुठल्या भाषेतलं आहे त्यावर ठरतं.

इंग्रजी पात्र: मटिल्डा. मूळ लेखकाने स्पेलिंगमध्ये ‘एच’ घातला असला तरीही मटिल्डाच. मेरी शेलीच्या लघुकादंबरीच्या नावात तो आहे (लेखन १८१९-२०, छपाई थेट १९५९ मध्ये), तरी उच्चारात थ नाही.

फ्रेंच पात्र: मातिल्द. फ्रेंच त आणि द दंत्य असतात, म्हणून ट-ड नको, आणि शेवटचा स्वर उच्चारत नाहीत.

जर्मन पात्र: माटिल्डं किंवा माटिल्डे. शेवटी अगदी तोकडा ‘अ’ ऐकू येतो. छापताना ‘माटिल्डे’ बरं, कारण अनुस्वाराचं रूप मराठी वाचक नपुंसकलिंगी समजतो.

इटालियन आणि स्पॅनिश: मातिल्दे. पोर्तुगालमध्ये मतील्द. ब्राझीलमध्ये तेच ‘मचीउजी’च्या आसपास जातं. तिथल्या कादंबरीत शक्यतो छापील रूपाजवळ राहून ‘मातिल्दे’ लिहावं, नाहीतर वाचकाला ओळखच पटणार नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘थ’. स्पेलिंगमध्ये टी आणि एच शेजारी दिसले की हात आपोआप थ लिहितो. पण तो ‘एच’ मुळात ‘हिल्ड’मधला ‘ह’ आहे, टीच्या मागे येऊन उभा राहिलेला. जर्मनमध्ये १९०१ च्या शुद्धलेखन सुधारणेने साध्या शब्दांतला असा मुका ‘एच’ काढला, व्यक्तिनामांत मात्र तो राहिला.

५. इंग्रजी कादंबरीत एकाच बाईला कुठे मटिल्डा, कुठे मॉड म्हटलंय. मुद्रणदोष आहे का?

नाही. मॉड हे मटिल्डाचंच बोलीतलं रूप. इंग्लंड जिंकणाऱ्या, फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांबरोबर हे नाव १०६६ नंतर इंग्लंडमध्ये रुळलं. फ्रेंच तोंडात मधली व्यंजनं झिजून ‘माओ’सारखं काहीतरी झालं होतं, त्याचं इंग्रजीत मॉड झालं. दस्तऐवज लॅटिनमध्ये, तिथे ‘मटिल्डिस’. घरात, बाजारात मॉड. म्हणजे बाराव्या शतकातल्या कथेत कारकून लिहितो ते आणि नवरा हाक मारतो ते वेगळं असणं बरोबरच आहे.

पुढे मॉड स्वतंत्र नाव झालं. टेनिसनच्या १८५५ च्या दीर्घकाव्यानंतर तर फारच. तेव्हापासूनच्या मॉड नावाच्या पात्राला मागे मटिल्डा असेलच असं गृहीत धरू नये. भाषांतरात कधीही मॉडची मटिल्डा किंवा उलट करू नये. दोन्ही रूपं मूळात असतील तर दोन्ही ठेवावीत आणि पहिल्या ठिकाणी संवादातूनच ओळख करून द्यावी.

टिल, टिली, टिल्डा ही लाडाची रूपं. टिलटसन हे आडनाव यातूनच आलं. गंमत अशी की ‘टिल्डा’ हा तुकडा जोड फोडून निघत नाही, तो जोडावरच पडतो: ‘माख्ट’चा शेवटचा ट आणि अख्खं ‘हिल्ड’. त्यामुळे ‘टिल्डा म्हणजे काय’ याला स्वतंत्र उत्तर नाही.

६. बाराव्या शतकातल्या इंग्लंडवरच्या कादंबरीत तीन-तीन मटिल्डा आहेत. कोण कोण?

इतिहासातच तेवढ्या आहेत, लेखकाचा इलाज नाही. पहिल्या हेन्रीची राणी मटिल्डा. तिचं बाप्तिस्म्याचं नाव ईडिथ होतं, इंग्लंडची राणी झाल्यावर ती मटिल्डा झाली. तिची मुलगी सम्राज्ञी मटिल्डा (११०२ ते ११६७), आधी जर्मन सम्राटाची पत्नी म्हणून सम्राज्ञी. आणि या मुलीविरुद्ध गादीसाठी लढणाऱ्या स्टीफनची बायको, तीही मटिल्डा, बुलोन्यची.

सम्राज्ञी ११४२ च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून, सगळीकडे बर्फ असताना, मोजक्या शिलेदारांसह निसटली. कादंबरीकारांचा हा अत्यंत लाडका प्रसंग. मराठीत सरळ मार्ग असा: एकीला कायम ‘सम्राज्ञी’, दुसरीला ‘राणी’, तिसरीला ‘बुलोन्यची मटिल्डा’. एकीला मॉड करून वेगळं काढण्याची युक्ती अनेक इंग्रजी लेखकांनी वापरली आहे. मूळात असेल तरच ती ठेवा.

७. कथांमध्ये मटिल्डा साधारण कशी बाई असते? पराक्रमी?

फार क्वचित. नावाचा अर्थ पाहून पात्र शोधायला गेलात तर निराशा होईल. लेखक शब्दकोश उघडून नाव ठेवत नाही. त्या काळात ते नाव कोणाचं असतं, कुठल्या घरात ऐकू येतं, हे त्याच्या कानात असतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत मध्ययुगाचं वेड आलं, आणि नावाला किल्ले-तळघरांचा वास लागला. होरेस वॉलपोलच्या १७६४ च्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’मध्ये मटिल्डा ही मॅन्फ्रेडची सालस मुलगी. बाप अंधारात तिला दुसरीच समजून भोसकतो. १७९६ च्या ‘द मंक’मध्ये मटिल्डा मठात पुरुषवेशात शिरून साधूला नादी लावते. बत्तीस वर्षांत बळी ते मोहिनी. दोघींत समान काय? अर्थ नव्हे, फक्त जुनेपणाचा रंग.

फ्रेंचमध्ये स्टेंढालची मातिल्द द ला मोल, १८३० च्या ‘तांबडा आणि काळा’ या कादंबरीतली. उमरावाची मुलगी. १५७४ मध्ये शिरच्छेद झालेल्या पूर्वजासाठी ती दर ३० एप्रिलला काळे कपडे घालते. इथे एक बारकावा भाषांतरात हमखास गळतो. तिचं पूर्ण नाव मातिल्द-मार्गरीत. त्या पूर्वजाचं छाटलेलं शिर ज्या राणीने नेऊन पुरलं, तिचं नाव मार्गरीत. कादंबरीच्या शेवटी मातिल्द आपल्या प्रियकराच्या शिराचं तेच करते. म्हणजे कथेची किल्ली मातिल्दमध्ये नाही, पुढच्या नावात आहे. ‘नाव लांब होतंय’ म्हणून ते कापलं की शेवट नुसता भयंकर वाटतो, ठरवून केलेला वाटत नाही.

जर्मन रोमँटिकांत नोव्हालिसच्या अपूर्ण ‘हाइन्रिश फोन ओफ्टरडिंगन’मध्ये (१८०२) माटिल्डे ही नायकाची प्रेयसी, कवी क्लिंग्सोरची मुलगी. इथे नाव निव्वळ हळवं.

मुलांच्या साहित्यातल्या मटिल्डासाठी प्रश्न ९ पाहा.

८. मोपासाँच्या हारवाल्या गोष्टीत नायिकेला हे नाव का दिलं असेल? आणि मराठीत काय जपायचं?

फ्रेंच लेखक मोपासाँची १८८४ ची कथा. नायिका मातिल्द लुआझेल, नवरा शिक्षण खात्यात कारकून. पॅरिसमध्ये तेव्हा मातिल्द म्हटलं की एक नाव सहज आठवणारं होतं: नेपोलियनची पुतणी राजकन्या मातिल्द, जिच्या बैठकीला लेखक-कलावंत जात, स्वतः मोपासाँही. कारकुनाच्या घरी जन्मलेली, आणि नाव दरबारी. हे मुद्दाम केलं असं लेखकाने सांगितलेलं नाही, पण त्या कानांना ही विसंगती ऐकू गेली असणार.

नाव वापरलंय कसं, हे जास्त महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी ती ‘मादाम लुआझेल’. सुरुवातीला नवरा एकदा नावाने समजावतो. मग श्रीमंत मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवतो, छत्तीस हजार फ्रँकचा नवा घेऊन परत केला जातो, अठरा हजार वडिलार्जित आणि बाकीचं कर्ज, दहा वर्षं फेडण्यात जातात. शेवटी शाँझेलिझेवर ती श्रीमंत मैत्रिणीला ‘झान’ अशी एकेरी हाक मारते. मैत्रीण ओळखत नाही. अशी ही कोण बाई आपल्याला नावाने हाक मारते, याचंच तिला नवल वाटतं, आणि ती ‘मादाम’ म्हणून अंतर ठेवून बोलते. तेव्हा नायिका स्वतःचं पूर्ण नाव सांगते. दुसऱ्या क्षणी मैत्रीण ‘तू’वर येते.

मराठीत हा जिना एक पायरीही न चुकवता उतरायला हवा: मैत्रिणीच्या तोंडी आधी ‘बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय’ आणि ‘तुम्ही’, मग नाव, मग ‘अगं मातिल्द, किती बदललीस गं तू!’. सुरुवातीपासूनच दोघींना ‘तू’वर ठेवलं की प्रसंग सपाट होतो. आपल्याकडे तू-तुम्हीचा फरक आयता आहे, इंग्रजीत तो नाही. इंग्रजीवरून भाषांतर करणारे इथेच फसतात.

दुसरी अडचण नवरा-बायकोची. मूळात दोघंही एकमेकांना ‘तू’ म्हणतात. बायकोच्या तोंडी ‘अहो’ घातलं की लुआझेलांचं घर थेट सदाशिव पेठेत येतं. भाषांतर असेल तर ‘तू’ ठेवा. रूपांतर असेल तर ‘अहो’ चालेल, पण मग नावही बदला (प्रश्न १२).

९. रोआल्ड डालच्या मटिल्डामुळे हे नाव लहान मुलीचं वाटतं. आधीही तसंच होतं का?

डालचं पुस्तक १९८८ चं. साडेपाच वर्षांची, पुस्तकं फस्त करणारी, घरात आणि शाळेत मोठ्यांशी टक्कर घेणारी मटिल्डा वर्मवुड. १९९६ चा चित्रपट आणि २०१० चं संगीत नाटक यांनी ती घरोघर नेली. पुस्तक आलं त्या काळी इंग्लंडमध्ये हे नाव पणजीच्या पिढीचं वाटणारं होतं. आपल्याकडे एखाद्या चुणचुणीत पोरीचं नाव कथेत यमुना असावं, तसं काहीसं. ही किंचित जुनाट छटाच तिला आजूबाजूच्या चकचकीत, टीव्हीसमोर बसलेल्या कुटुंबापासून वेगळी पाडते. ‘बळ’ आणि ‘लढाई’ हा अर्थ इथे योगायोगाने फिट्ट बसतो, आणि म्हणूनच बहुतेक लेखांत तो नको तितका ताणलेला आढळतो.

त्याआधी इंग्रजी बालवाङ्मयातली प्रसिद्ध मटिल्डा अगदी उलट होती: हिलेअर बेलॉकच्या १९०७ च्या विनोदी बोधकवितांमधली, आग लागल्याची थाप मारणारी, आणि खरंच आग लागल्यावर कुणी विश्वास न ठेवल्यामुळे जळून मरणारी. लांडगा आला रे, त्याच जातीची. इंग्रजी वाचकाच्या कानात डालच्या नायिकेमागे ही थापाडी मटिल्डाही असू शकते.

१०. ‘वॉल्ट्झिंग मटिल्डा’मधली मटिल्डा कोण?

कुणीच नाही. १८९५ च्या या ऑस्ट्रेलियन गीतात मटिल्डा म्हणजे भटक्या मजुराचं पाठीवरचं बोचकं, घोंगडीत गुंडाळलेलं. ते घेऊन पायी भटकणे म्हणजे ‘वॉल्ट्झिंग’. मराठीत ‘मटिल्डासोबत नाच’ असं केलेलं दिसलं तर समजावं की गीत वाचलेलं नाही.

११. विभक्ती लावताना मटिल्डाला की मटिल्डेला?

मटिल्डाला, मटिल्डाने, मटिल्डाचा. जुन्या वळणाने सीतेला, रमेला म्हणतो, पण परकी आकारान्त नावं आज मूळ रूपातच चालवतात. ‘मटिल्डेचा’ वाचताना मूळ नाव ‘मटिल्डे’ आहे की काय अशी शंका येते, आणि ते खरोखरच जर्मन-इटालियन रूप आहे, म्हणजे गोंधळ दुप्पट. मातिल्दला, मातिल्दचा. मॉडला, मॉडचा. माटिल्डेला, माटिल्डेचा.

संबोधनात इंग्रजी पात्राला ‘टिली’ ही घरगुती हाक सोयीची, पण मूळात असेल तरच. बाहेरच्या माणसाने मारलेली हाक टिली करू नका.

१२. कथेचं मराठी रूपांतर करतोय. नायिकेचं नाव अर्थावरून ठेवू का? रणरागिणी, शक्ती, दुर्गा?

नको. प्रश्न ७ मधलं कारण इथेही लागू. आधी तीन गोष्टी ठरवा: त्या काळी ते नाव जुनं होतं की नवं, कुठल्या थरातलं होतं, आणि कथेत कुणी ते चिडवायला किंवा मिरवायला वापरतं का. मग त्याच छटेचं मराठी नाव. मोपासाँच्या कारकुनाच्या बायकोला परिस्थितीपेक्षा वरचढ वाटणारं नाव हवं, म्हणजे मृणालिनी चालेल, दुर्गा नाही. डालच्या मुलीला आजीकडून आलेलं वाटावं असं. ऑट्रँटोचं रूपांतर करायचंच असेल तर सरदारघराण्यातलं.

शब्दशः अर्थ हवाच अशी एकच जागा: जिथे पात्रच नावाचा अर्थ बोलून दाखवतं. तिथे मूळ नाव ठेवून अर्थ संवादात सांगावा.

१३. माझी कथा जुन्या काळातली आहे. हे नाव कुठल्या शतकात, कुठे चालेल?

दहाव्या शतकातली जर्मनी: निर्धास्त. जर्मन सम्राट पहिल्या ओटोची आई, संत मटिल्डा, ९६८ मध्ये वारली. तिच्या पणतीच्या पिढीपर्यंत घराण्यात नाव फिरत होतं. इटली: अकराव्या शतकात तोस्कानाची मातिल्दे, जिच्या कानोस्सा किल्ल्यावर १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री (सम्राट तो पुढे झाला) पोपची क्षमा मागत ताटकळला.

इंग्लंडमध्ये १०६६ पूर्वी टाळा. तिथे हिल्डची नावं होती (व्हिटबीची मठाधिपती हिल्ड, सातवं शतक), मटिल्डा नव्हे. अपवाद म्हणून जर्मनीतली पाहुणी किंवा नातेवाईक चालेल: एसेनची मठाधिपती मटिल्डा, ओटोची नात, हिच्यासाठी एथेलवेअर्ड या इंग्लिश सरदाराने लॅटिन बखर लिहिली.

व्हायकिंग कथेत मटिल्डा आणली की जाणकार तिथेच पुस्तक मिटेल. गुन्हिल्ड, रॅग्नहिल्ड, स्वानहिल्ड यांतलं घ्या. १०६६ नंतरच्या इंग्लंडमध्ये बोलीत मॉड, कागदावर मटिल्डा. १७५० नंतर पूर्ण रूप पुन्हा चलनात. एकोणिसाव्या शतकात कुठेही बिनधास्त.

१४. गोव्यात मातिल्द आणि माफाल्दा ही दोन्ही नावं ऐकली. संबंध आहे का?

आहे, दोन्ही एकाच मुळाची. पोर्तुगीजमध्ये मातिल्द हे लॅटिन रूपाजवळचं आणि माफाल्दा हे जुनं, वेगळ्या वाटेने आलेलं. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रीकेश याची राणी साव्हॉयची माफाल्दा. पोर्तुगीज नावांबरोबर ही दोन्ही गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोहोचली. संत मटिल्डाचा सण १४ मार्च, त्या तारखेची जन्मलेली मुलगी कथेत असेल तर नावाचं कारण आयतं मिळतं.

गोव्यातलं पात्र लिहिताना पिढी पाहा. पोर्तुगीज शिकलेली आजी स्वतःला मातिल्द म्हणेल, इंग्रजी शाळेतली नात मटिल्डा. अर्जेंटिनाच्या कीनोची १९६४ पासूनची चित्रमालिकेतली माफाल्दा हीही याच कुळातली, सूपचा तिटकारा असलेली.

१५. दान्तेची ‘मातेल्दा’, क्लोतिल्द, मेश्टिल्ड, याही मटिल्डाच का?

मेश्टिल्ड होय, ते जर्मनमधलंच दुसरं रूप. क्लोतिल्द नाही. तिच्यात ‘हिल्ड’ समान, पण पुढचा शब्द ‘कीर्ती’ अर्थाचा. शेवट ‘तिल्द’ दिसतो म्हणून फसू नये, तिथला त त्या पहिल्या शब्दाचा आहे.

दान्तेची मातेल्दा नावाने मटिल्डाच. ‘डिव्हाइन कॉमेडी’तल्या ‘पुर्गातोरिओ’ या भागाच्या २८ व्या सर्गात ती फुलं वेचत गाताना भेटते, नाव मात्र कळतं थेट ३३ व्यात, तेही दान्तेची प्रिया बेआत्रिचे हिच्या तोंडून आणि एकदाच. जुने टीकाकार तिला तोस्कानाची मातिल्दे मानतात, काही जण मेश्टिल्ड नावाच्या जर्मन जोगिणींपैकी एक. भाषांतरात ‘मातेल्दा’ असंच ठेवावं आणि २८ व्या सर्गाच्या टीपेत नाव आधीच फोडू नये. दान्तेने पाच सर्ग ते राखून ठेवलंय.